कप्तानिणीचं गाढव

माझा जन्म नुकताच, एका मंगळवारी, दुपारचं जेवण झाल्यावर झाला. मी स्वतः तिथे हजर होतो, म्हणून खात्रीने सांगतो. जन्माच्या वेळी मी कोचावर बसलो होतो, हातात खेळाचा रिमोट होता आणि गुडघ्याला मलम चोळलेलं होतं.

झालं असं, की कप्तानिणीचा नवा भाग आला. कप्तानीण म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या एका खेळातली बाई. तिची आई पहिल्याच भागात जहाजावर चढून कुठेतरी निघून गेली, आणि तेव्हापासून ही पोरगी भागामागून भाग तिला शोधत हिंडते आहे. बेटं पालथी घातली, राक्षस लोळवले, पण आईचा पत्ता नाही. एका भागात आईची चप्पल सापडली. पुढच्या भागात कळलं की ती चप्पल दुसऱ्याच कोणाची होती. एवढ्यावर मास्तरांनी तीन दिवस जेवण नीट केलं नव्हतं.

मास्तर म्हणजे आमच्या समोरच्या दारात राहणारे निवृत्त शिक्षक. मी गवंडी. मिशी पांढरी व्हायला लागल्यावर मला अक्षरं गिरवायला लावली ती याच माणसाने, आणि कप्तानिणीची ओळख करून दिली तीही यानेच. मागचे सगळे भाग मास्तर खेळले. मी शेजारी बसून “मागे बघा, मागे बघा!” म्हणून ओरडायचो, आणि पडद्यावरचं परक्या भाषेतलं लिखाण ते मला उलगडून सांगायचे. पण आता मास्तरांच्या डोळ्यांनी राजीनामा दिला होता. माणूस दिसतो, माणसाचं नाक दिसत नाही. त्यातून त्यांची मुलगी येत्या रविवारी त्यांना कायमचं आपल्या गावी घेऊन जाणार होती. तिच्याकडे हे यंत्र नव्हतं, आणि या वयात माणसाने शांत बसावं असं तिचं मत होतं.

“जायच्या आत एवढं कळू दे,” मास्तर म्हणाले. “आई भेटते की नाही.”

“भेटेल हो, मास्तर.”

“आश्वासनं देऊ नकोस. खेळ. या वेळी मजकूर आपल्या भाषेत आहे. तुला सबब नाही.”

सबब खरोखरच नव्हती. यंत्र मुलाचं होतं, मुलगा कामानिमित्त बाहेरगावी होता, आणि दुपारभर मी रिकामा होतो. मी यंत्र सुरू केलं. त्याने आधी माझं नाव विचारलं. ते मी एक एक अक्षर वेचून लिहिलं. मग त्याने तारीख विचारली. म्हणजे ‘जन्मतारीख’ असं लिहिलेलं होतं, पण मी ‘तारीख’ एवढंच पाहिलं, कारण आयुष्यभर ज्या ज्या कागदावर मी आधी अंगठा आणि नंतर सही केली, त्या प्रत्येकावर तारीख म्हणजे आजची तारीख असायची. इथे तर यंत्राने आजची तारीख आपणहून भरून ठेवली होती. किती गुणी यंत्र, असं म्हणून मी ‘पुढे’ दाबलं.

पडद्यावर फुगे उडाले. खाली लिहून आलं : ‘स्वागत आहे, छोट्या दोस्ता! आता आई किंवा बाबांना बोलाव.’

माझ्या आईबाबांना बोलावणं शक्य नव्हतं. मीच त्यांच्याकडे जाणं जास्त सोयीचं होतं.

“काय म्हणतंय?” मास्तरांनी विचारलं.

“पालक आणा म्हणतंय.”

“मी शिक्षक म्हणून चालेन का, विचार.”

चाललं नाही. शेवटी सूनबाईचा नंबर दिला. सूनबाई दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर असते. तिथे भर गर्दीत तिच्या फोनवर विचारणा गेली, ‘तुमचे बाळ खेळण्याची परवानगी मागत आहे.’ खाली माझं नाव. तिने ती आधी शेजारच्या खिडकीवरच्या बाईंना दाखवली, मग डॉक्टरांना, मग रांगेतल्या रोग्यांना, आणि त्यांतल्या काहींना म्हणे औषधाविना बरं वाटलं. मग तिने परवानगी दिली. पण एवढ्या लहान बाळाला यंत्र दिवसाला एकच तास देतं. जास्त हवा असेल तर बाळाने शहाण्यासारखं वागलं पाहिजे, आणि तसं पालकांनी कळवलं पाहिजे.

“बाबा, काळजी करू नका,” संध्याकाळी ती पर्स ठेवता ठेवता म्हणाली. “गोळ्या वेळेवर घेतल्या की अर्धा तास, आणि इमारतीला चकरा मारल्या की अर्धा तास. डॉक्टर वर्षभर सांगतायत, तुम्ही ऐकत नाही. हे यंत्र बरं आलं.”

ज्या माणसाने चार मजले बांबूच्या परांचीवर उभं राहून बांधले, त्याने खेळायला मिळावं म्हणून सुनेसमोर जीभ बाहेर काढून गोळी गिळल्याचं दाखवायचं! मान-सन्मान ही चीज गिलाव्यासारखी असते. एकदा फुगा धरला की टिचकी मारत बसू नये, सगळंच खाली येतं. तरी मी दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवून झाल्यावर एक मुलगी आली.

“सर, खातं बाळाचं आहे ना? बाळाचं वय?”

“एक दिवस.”

पलीकडे टकटक टाइप केल्याचा आवाज आला. “अभिनंदन, सर!”

“अहो, बाळ मीच आहे.”

टकटक थांबली. “सर, घरात कोणी मोठं माणूस आहे का?”

मोठं माणूस म्हणून मी मास्तरांना फोन दिला. त्यांनी तिला आधी वर्गात बोलतात तशा आवाजात सगळी हकिगत सांगितली, आणि मग तिच्या वाक्यात दोन चुका दाखवल्या. त्याचा उपयोग झाला नाही. वयाचा दाखला पाठवा, म्हणाली. माझ्या दाखल्यावर जन्माच्या जागी ‘अंदाजे’ असं लिहिलेलं आहे. यंत्रात अंदाजे नावाचा महिना नव्हता. तिने तक्रार नोंदवून घेतली आणि आठवडाभरात उत्तर येईल असं सांगितलं.

“मास्तर रविवारी जातायत हो!”

“मास्तर हे बाळाचे कोण, सर?”

मी फोन ठेवला.

ही बातमी शेजारच्या विमावाल्यांपर्यंत भिंतीतून पोचली. ती भिंत मी बांधलेली नाही, हे नमूद करून ठेवतो. विमावाले लगेच आले. त्यांनी आयुष्यात एकही खेळ खेळलेला नाही, पण सल्ल्याच्या आड त्यांनी अनुभवाला कधी येऊ दिलं नाही.

“काका, घाई करून वय बदलून घेऊ नका,” ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. “या वयात विमा काढला ना, तर हप्ता अगदी नगण्य बसतो.”

असो. तर खेळ सुरू झाला, आणि नवीच अडचण उभी राहिली. कप्तानीण एका डोंगरावर चढली, तिथे एक म्हातारा भेटला आणि आईबद्दल बोलायला लागला. त्याचं बोलणं खाली लिहून येत होतं. मी वाचायला लागलो. “तुझी... आई... उत्तरे... उत्तरेच्या...” तेवढ्यात वाक्य पुसलं.

“उत्तरेच्या काय?” मास्तर खुर्चीच्या टोकाला आले.

“पुसलं.”

“पुन्हा विचार त्याला.”

पुन्हा विचारलं. म्हातारा पुन्हा पहिल्यापासून बोलला. या वेळी मी ‘किल्ल्या’पर्यंत पोचलो. तिसऱ्या खेपेला ‘किल्ल्यात’. कप्तानीण त्याच्यासमोर उभी, तो तेच ते सांगतोय, आणि मी दर खेपेला एकेका शब्दाने पुढे सरकतोय. त्या म्हाताऱ्याचा एकदाही आवाज चढला नाही. मास्तरांचा चढला.

“मी तुला असं शिकवलं होतं? शब्दावर बोट ठेवून?”

“बोट ठेवायला टीव्ही लांब आहे, मास्तर.”

“मग जवळ जाऊन बस!”

मी स्टूल घेऊन टीव्हीला नाक लावून बसलो. त्यामुळे मास्तरांना जे काही धूसर दिसत होतं, तेही माझ्या डोक्याआड गेलं. पण वाक्य पुरं झालं : आई उत्तरेच्या किल्ल्यात गेली होती.

किल्ल्यात शिरलो आणि अडकलो. सगळीकडे भिंती, बाहेर पडायला वाट नाही. त्या दिवशीचा पाऊण तास मी त्या भिंती बघण्यात घालवला. काम बरं होतं, कोपरे काटकोनात होते, पण पूर्वेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चांगली रुंद भेग गेली होती. मी दर फेरीला तिच्यासमोर थांबून मास्तरांना सांगत होतो की पाया खचला आहे, आणि ज्याने कोणी हे बांधलं त्याने पाणी मारलेलं नाही.

तेवढ्यात तळमजल्यावरची शिंपीणबाई मास्तरांचा कोट घेऊन आली. प्रवासासाठी बाह्या आखूड करायला दिला होता. तिने मास्तरांच्या अंगावर कोट चढवता चढवता पडद्याकडे पाहिलं आणि तोंडातली टाचणी काढून म्हणाली, “काका, फोडा ना ती भिंत.”

“कोणती?”

“भेग पडलेली. भेग दिसली की फोडायची, या खेळात एवढं तर सगळ्यांना माहीत आहे.”

“भेग दिसली की बुजवायची!” मी म्हणालो. “मी मघापासून चुना कुठे मिळतो ते शोधतोय.”

ती इतकी हसली की टाचणी मास्तरांच्या दंडाला लागली. तेव्हा कळलं की शिलाई मशीन दुरुस्तीला गेलं होतं त्या दिवसांत या बाईने हा सगळा भाग संपवला होता.

“म्हणजे तुला शेवट माहीत आहे?” मास्तरांनी दंड चोळत विचारलं.

“सांगू?”

“नको!” आम्ही दोघे एकदम ओरडलो. मास्तर म्हणाले, “इतके भाग वाट चालत आलो. आता खिडकीतून आत डोकवायचं नाही.”

मी भिंतीची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि हातोडा घातला. उभ्या आयुष्यात मी पाडलेली ती पहिली परक्याची भिंत. धुरळा बसला, आणि पलीकडे एक गाढव उभं होतं.

साधं, राखाडी गाढव. त्याचा एक कान वाकडा. त्याच्या पाठीवर सामान लादून पुढे जायचं होतं, पण ते जागचं हलेना. ढकललं, ओढलं, विनवलं. मास्तरांनी विचारलं, “का हलत नाही?”

“काही सांगत नाही.”

“कारण सांगत नाही, आणि त्याच्या मर्जीशिवाय पुढचं काही हलत नाही. साहेब आहे तो,” मास्तर म्हणाले. तेव्हापासून त्याचं नाव साहेब पडलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी कप्तानिणीला त्याच्यापुढे गुडघ्यावर बसवून गाजर धरायला लावलं, तेव्हा कुठे साहेबांची फाइल पुढे सरकली.

पण एकदा निघाला की तो गडी मोठा सच्चा होता. मी, म्हणजे कप्तानीण, कड्यावरून वारंवार पडायची, कारण माझा अंगठा आखडतो. दर वेळी साहेब खाली वाट बघत उभा. वादळात मी रस्ता चुकलो, तर याने ओरडून ओरडून बोलावून घेतलं. पुढे पुढे तर मास्तर आईबद्दल कमी आणि साहेबाबद्दल जास्त विचारायला लागले. “खाल्लं का त्याने? पाय का ओढतोय? ओझं जास्त झालंय, कमी कर.” मी कमी केलं. त्यात तलवार गेली. पुढच्या राक्षसाशी कप्तानीण शिडीने लढली.

शुक्रवारी नदी ओलांडत होतो. साहेब मधोमध, पोटापर्यंत पाण्यात, आणि पडदा काळा झाला. ‘खेळ पुरे, छोट्या दोस्ता! आता डोळे मिट.’

“हे काय?” मास्तर उठून उभे राहिले. “पाण्यात किती वेळ उभा राहील तो?”

मी दवाखान्यात फोन लावला.

“सूनबाई, अर्धा तास सोड. साहेब पाण्यात उभा आहे!”

“कोण साहेब?”

“गाढव!”

तिच्या मागे कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. “बाबा, चकरा मारल्यात आज?”

“नाही.”

“मग मारा. मी बघते.”

मी चपला घातल्या आणि इमारतीभोवती असा सुटलो की कोपऱ्यावरची मांजर भिंतीवर चढली. पहिल्या चकरेला विमावाले सोबत आले. दुसऱ्या चकरेला त्यांनी कोण बुडतंय असं विचारलं. तिसऱ्या चकरेला त्यांना धाप लागली, आणि मी त्यांना जिन्यात बसवून पुढे गेलो. वर मास्तर गॅलरीतून ओरडत होते, “जोरात चाल! तो थंडीने काकडतोय!” खालच्या दुकानदाराने अग्निशमन दलाला बोलावू का म्हणून विचारलं. मी चालता चालता नुसता हात हलवला. माणसाचा आब कुठे कुठे सांडतो त्याला सुमार नाही. पण साहेब पाण्याबाहेर आला. अंग झाडलं. मास्तर खाली बसले आणि त्यांनी माझ्यासाठी ठेवलेला चहाही पिऊन टाकला.

शनिवारी आम्ही शेवटच्या दारापाशी पोचलो.

मास्तरांच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. मुलगी येऊन आवराआवर करत होती आणि मधूनमधून आमच्या दारात डोकावून “बाबा, चला ना,” म्हणत होती. मास्तर “आलो,” म्हणत होते आणि हलत नव्हते. दार दगडी होतं, काम अप्रतिम, सांध्यात नखही जाणार नाही. त्यावर अक्षरं कोरलेली होती. ही पुसली जाणारी नव्हती, म्हणून मी सावकाश वाचली.

“आत... ती आहे. पण दार... मोबदल्याशिवाय उघडत नाही. जो तुझ्यासोबत इथवर चालत आला, त्याला... इथे सोडून जा.”

खाली दोन शब्द उभे राहिले : ‘सोडते’ आणि ‘थांबते’.

मी ते मनातल्या मनात पुन्हा वाचलं, तेच लिहिलेलं होतं.

“गाढव आहे, मास्तर,” मी शेवटी म्हणालो. “आणि खरंही नाही.”

“हो.”

“आत आई आहे. इतके भाग.”

“हो. दाब तू.”

मी अंगठा ‘सोडते’वर ठेवला. अंगठा आखडला. या अंगठ्याचा काही भरवसा नाही, हे मी सूनबाईला किती वेळा सांगितलं आहे.

“दाबलंस?”

“दाबतो.”

“तो काय करतोय?”

“कान हलवतोय.”

“वाकडा?”

“वाकडाच. आणि कप्तानिणीकडे बघतोय. गाजर मागत असेल.”

मास्तरांनी चष्मा काढला. तो असून-नसून सारखाच होता, पण विचार करताना तो काढायची त्यांची जुनी सवय. “ती बाई पोरीला सोडून गेली, म्हणून तर हा सगळा खटाटोप,” ते म्हणाले. “आता पोरीनेही तेच करायचं? राहू दे.”

“अहो पण मास्तर, उद्या तुम्ही जाणार. मग तुम्हाला कळणार कसं?”

“नाही कळणार. थांबते म्हण.”

मी ‘थांबते’ दाबलं. कप्तानीण दाराला पाठ टेकून खाली बसली. साहेब तिच्या शेजारी बसला. एवढंच. ढोल नाहीत, ताशे नाहीत. दारात मुलगी पुन्हा येऊन उभी राहिली, आणि या वेळी मास्तर उठले.

रविवारी गाडी गेली. निरोपाच्या वेळी मला बोलायला चांगली दोन वाक्यं सुचली होती, पण मी फक्त “कोट बरोबर बसतोय,” एवढंच म्हणालो. बाह्या खरं तर जरा जास्तच आखूड झाल्या होत्या.

सोमवारी शिंपीणबाई जिन्यात भेटली. “काय काका, भेटली का आई?”

मी झालेलं सांगितलं. तिने आधी जिन्याच्या कठड्याला धरलं, मग पायरीवर बसली, मग पदर तोंडाला लावला.

“अहो काका! ती नुसती परीक्षा असते! ‘सोडते’ म्हटलं की दार उघडतं, दोन पावलं आत गेलं की गाढव मागून आपोआप येतंच! सगळ्यांनी ‘सोडते’च दाबलं. ‘थांबते’ कोणी दाबतं हे मी पहिल्यांदाच ऐकतेय!”

वरून विमावाल्यांचा आवाज आला, “मी तेव्हाच सांगणार होतो!”

म्हणजे बघा. जगभरची माणसं, शाळा शिकलेली, चष्मे नसलेली, दार उघडून मोकळी झाली, आणि आम्ही दोन म्हातारे एका चित्रातल्या गाढवासाठी इतक्या वर्षांची वाट दारात टाकून आलो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी पायऱ्या दोन-दोन करून चढलो. यंत्र सुरू केलं. कप्तानीण तशीच दाराशी बसलेली. मी एका हातात रिमोट धरला आणि दुसऱ्या हाताने मास्तरांना फोन लावला.

“मास्तर, घोटाळा झाला! साहेब परत येतो! सोडला तरी मागून आपोआप येतो, शिंपीणबाई म्हणाली. फोन कानाला धरून ठेवा. मी आत्ता दाबतो, आई काय बोलते ते सगळं वाचून दाखवतो. दाबू?”

पलीकडे भांडी वाजली. मला वाटलं मुलीने फोन घेतला.

“मास्तर?”

“ऐकतोय,” ते म्हणाले. “परत येतो, हे शिंपीणबाईला माहीत आहे. आता तुला-मलाही माहीत झालं.”

“हो. मग दाबू?”

“त्याला सोडताना, ते त्याला माहीत असतं का रे?”

मी पडद्याकडे पाहिलं. साहेब अजून तिच्या शेजारीच बसला होता.

“नसावं, मास्तर. त्याला कोण सांगणार?”

“मग राहू दे,” मास्तर म्हणाले. मागे त्यांची मुलगी कोणाशी तरी बोलत होती, दार लावल्याचा आवाज आला. “आता काय करतोय तो, ते सांग.”